झोक्याखालची परीक्षा

परीक्षेच्या तारखा ठरवणाऱ्या साहेबाला एकदा पंचमीला माहेरी धाडायला हवं, म्हणजे कळेल. नागपंचमीची सुट्टी एका दिवसाची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची वार्षिक परीक्षा. आमच्या निपाणीच्या भागात दुसऱ्या दिवशीही झोके उतरत नाहीत, असं मी कचेरीला दोनदा कळवलं. तारीख बदलत नाही, असं उत्तर आलं.

मी मालुबाई, गावातल्या मुलींच्या शाळेची एकुलती एक मास्तरीण. परीक्षेला पटावरच्या निम्म्या मुली हजर नसतील तर शाळा बंद, असा नियम. मुलींना मुलग्यांच्या शाळेत पाठवा म्हणे. आमच्या गावात त्याचा अर्थ एकच, घरी भाकऱ्या थापायला बसवा.

परीक्षेच्या सकाळी शाळा तपासणारे दिपोटीसाहेब आले तेव्हा वर्गात चार मुली होत्या. त्यातली एक हातावरची मेंदी बघत होती.

"बाकीच्या मुली खरंच आहेत, की पट फुगवलाय?" साहेबांनी विचारलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "चला, मोजून घ्या," म्हटलं आणि पुढे चालू लागले.

जैनांच्या बस्तीमागच्या, म्हणजे देवळामागच्या, चिंचेला झोका बांधला होता आणि माझ्या बाकीच्या झाडून सगळ्या मुली तिथे होत्या. चौथीतली तारामती उभ्यानं झोका चढवत होती, बायका गाणी म्हणत होत्या. शाळा बुडायला आली होती, तरी खरं सांगते, माझेही पाय ठेका धरायला लागले.

साहेबांनी पुढे होऊन दोरी धरली. "उतर खाली. परीक्षा आहे."

गाणं थांबलं. गावात कुणाच्या बापाला न भिणारी गुणाबाई पदर खोचून पुढे आली. "सायेब, चालता झोका अडवला की बायकूचं नाव घ्यायचं. त्याबिगर हितनं सुटका न्हाय."

"मी सरकारी कामावर आहे."

"व्हय की. पर नियम समद्यांस्नी सारखाच असतोय. तुमच्या नियमावानीच."

मला तिला तिथल्या तिथे मिठी मारावीशी वाटली.

साहेब लालबुंद झाले. हजेरी दिल्यासारखे म्हणाले, "सगुणाबाई."

"नाव झालं. उखाणा कुठाय? नापास!"

बायका खो खो हसल्या. साहेबांनी घड्याळ काढलं. हा माणूस आता तडक निघणार आणि शाळेला कुलूप लागणार. मी गुणाबाईला डोळ्यांनी दटावत होते, पण ती बघेल तर शपथ.

"मग आता?" साहेबांनी विचारलं.

"आता काय? आमच्यात नापासाला घरला धाडत न्हाईत. फिरून बसवतात. इचार करा, आमी थांबतो."

सगळ्या खरंच थांबल्या. साहेब ओठ हलवत होते, बोटांवर काहीतरी मोजत होते. मग घसा खाकरून म्हणाले, "निपाणीच्या वाटेवर चिखल साचला फार, सगुणाचं नाव घेतो, उघडा शाळेचं दार."

असा कल्ला झाला की चिंचेवरचे कावळे उडाले. "पास!" म्हणत गुणाबाईनं दोरी सोडवून घेतली.

"बाई, परीक्षा दुपारी घेऊ," साहेब मला म्हणाले.

"वेळ सकाळची आहे ना नियमात?" मी खवचटपणे विचारलं.

"आहे. पण फिरून बसायला मिळालं, तर माणूस पास होतो."

दुपारी पटावरची एकही मुलगी चुकली नाही. त्यांच्यामागून पंचमीला आलेल्या माहेरवाशिणीही वर्गात शिरल्या. चौथीत असताना लग्न होऊन कर्नाटकाच्या आत दूर गेलेली राजमती पाटी मागून घेऊन मागे बसली. तिचं नाव पटावर नव्हतं, तरी साहेबांनी तिची पाटी तपासली. शाळा चालू ठेवावी, असा शेराही लिहिला. मी सगळ्यांसमोर रडले आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

निघताना राजमती माझ्याजवळ आली. "बाई, फुडच्या वर्सी बी परीक्षा पंचमीलाच ठेवा की. मला तवाच म्हायेरी याया मिळतंय."

तारखेवरून इतकी भांडलेली मी, "ठेवायला सांगीन हं," एवढंच म्हणाले.