डाव्या हाताचं वय

मनगटाच्या जागी सात-आठ पांढरे खडे होते, खेळता खेळता कुणी मुठीत धरून विसरून जावेत तसे, आणि बोटांच्या पेरांपाशी बारीक काळ्या फटी… किशोर त्या फटींकडेच बघत राहिला. एक्स-रे त्याच्या लेकीच्या, करिश्माच्या डाव्या हाताचा होता, पण ओळखू येईना. मनगटावरचा तीळ नाही, उतरत आलेली मेंदी नाही, नाक पुसायची खोड तर नाहीच नाही.

मुलगी नऊ वर्षांची, हाडं मात्र बाराची, अमरावतीच्या डॉक्टरीणबाई सांगत होत्या. वाढ होते ती या फटींतून. त्या बुजल्या की उंची थांबली. हिच्या भराभर बुजताहेत. पाळी वर्षभरात येईल, आणि आज वर्गात सगळ्यांत उंच असलेली ही मुलगी पुढे सगळ्यांत बुटकी राहील. तीन महिन्यांनी एक अशी इंजेक्शनं दिली तर हाडं जरा दम खातील. रक्त तपासून घ्या आणि महिनाभरात ठरवा, म्हणाल्या.

म्हणजे ज्या उंचीचा आपण वर्षभर तोरा मिरवला, तीच… दर्यापूरच्या बाजारात आमच्या दुकानावर भाजी घेता घेता बाया विचारायच्या, पोरगी सातवीत का? आणि मी — चौथीत, असं सांगताना कसा फुगायचो! घरी आल्यावर दृष्ट काढायला लावायचो. दृष्ट कसली, माझंच डोकं फिरलं होतं. आणि आत हाडं मुकाट्याने धावत होती. घाई त्यांची की माझी, कोण सांगणार?

खिशात फोन वाजला. रागिणी दुकान सोडून आली नव्हती, पण सकाळपासूनचा हा तिसरा फोन. बाई काय म्हणाल्या, तिने विचारलं. घरी आल्यावर सांगतो, एवढंच तो बोलला, बायकोशी इतकं तुटक तो कधी बोलत नसे.

करिश्मा बाहेरच्या बाकावर पाय हलवत बसली होती. ते फरशीला टेकत होते, म्हणून मुद्दाम उचलून धरले होते. तिने आतलं सगळं ऐकलं असणार, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

"बाबा, सुई घेतली तं मी लहानीच राहीन न?"

"थोडे दिवस. काहून?"

"मंग मले पोरायसंग खेळू देसान?"

दिवाळीतली गोष्ट. अंगणात लंगडी रंगात आली होती, आणि त्यानेच तिला दंडाला धरून बाहेर काढलं होतं — एवढी घोडी झाली, लाज नाही वाटत? बोलला आणि विसरला. तिने मात्र पुन्हा कधी विचारलं नव्हतं. शाळेतून आली की आपणहून मेथीच्या जुड्या बांधायला बसायची, आणि तो रागिणीला म्हणायचा, बघ, किती समज आली पोरीला.

खेळ, एवढं म्हणायला सुई कशाला लागते… इंजेक्शनचं काय करायचं, त्याला अजून ठाऊक नव्हतं. करिश्मा उत्तराची वाट बघत होती. नऊ वर्षांचं माणूस एवढंसंच असतं, हे त्याला आत्ता दिसत होतं, आणि तिची फार माया येत होती, आणि स्वतःची फार लाज.