कान गप्प होतो तेव्हा

मी भट्टीचा कान बोलतोय. कागदावर माझं लांबलचक नाव आहे, पण ज्यानं मला बसवलं तो मिस्त्री कान म्हणाला, तेच धरलं मी. बोटभर तांब्याच्या तारेचं रीळ, वर चिनीमातीची टोपी. बघण्यासारखं काही नाही. दमलोय, म्हणून थोडक्यात सांगतो.

भट्टी म्हणजे एक पोकळ पोलादी कडं, आत माणूस वाकून फिरेल एवढं. त्यात चिमूटभर वायू सोडतात आणि असा तापवतात की सूर्यानं तोंड फिरवावं. त्याला प्लाझ्मा म्हणतात. भिंतीला टेकला तर भिंत गेली, म्हणून चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरून ठेवतात. धरतात म्हणजे काय, मिनिटभर. त्या मिनिटाला हे लोक शॉट म्हणतात आणि त्याच्यासाठी आठवडाभर भांडतात.

कधीकधी त्या वायूत गाठ पडते आणि वायूबरोबर गरगर फिरते. माझ्यासमोरून गेली की माझ्या तारेला झटका बसतो आणि वरच्या खोलीतल्या कर्ण्यातून सूं आवाज निघतो. फिरतं ते मला कळतं. उभं राहिलं ते कळत नाही. डोक्यात ठेवा हे, सगळा घोळ त्यातच आहे.

गाठ वाढली की जड होते, हळू होते. आवाज जाडा होत जातो आणि मग एकदम बंद. माणसाला वाटतं, मिटलं. मिटलं कुठलं, डोंबल. गाठ एका जागी रुतून बसलेली असते. दोन सेकंदांत सगळा वायू भिंतीवर कोसळतो आणि शंभर टनांचं कडं जागच्या जागी उडतं.

हे एकटीला ठाऊक होतं, बटणापाशी बसणाऱ्या बाईला. बारा वर्षं ऐकत होती मला. एकदा मी गप्प झालो तसं तिनं लाल बटण दाबलं. त्यानं गार वायूचा फवारा आत जातो, शॉट विझतो, भिंत वाचते.

भट्टीचे साहेब खवळले. वरचं सगळं मला मिस्त्रीकडून कळायचं, आत फरशा पुसताना एकटाच बडबडतो तो.

"आवाज थांबल्यावर दाबलंत? आग विझल्यावर बंब बोलावता का तुम्ही?"

"थांबला म्हणूनच दाबलं, साहेब."

"पुरावा?"

पुरावा कुठला आणणार. कोसळूच दिलं नाही, तर कोसळणार होतं हे दाखवायचं कसं? साहेबांनी बटणावर कुलपाचं झाकण बसवलं. किल्ली त्यांच्या खिशात.

तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा गप्प झालो.

"साहेब, किल्ली द्या."

"थांबा हो. बघा, किती छान शांत झालं."

दणका असा बसला की भिंतीच्या फरशा वितळल्या आणि एक सांधा फाटला. भट्टी सहा महिने बंद.

मग चौकशी आली. आलेखात शेवटी माझी सरळ रेघ. साहेबांनी कागद बाईपुढं सरकवला. "लिहा, कान आधीच बिघडला होता. तुमचंही निभावतं, माझंही."

माझं डोकंच फिरलं. पण मला तोंड कुठंय? आणि बाईला कळत होतं, नाही लिहिलं तर खुर्ची जाणार.

मिस्त्रीनं मला पकडीनं उपटून टेबलावर टाकलं.

"आधी मीटर लावा, मिस्त्री," बाई म्हणाली.

त्यानं लावला. "तार धडधाकट आहे, बाई. काय लिहायचं?"

"आहे ते."

"विचार करा," साहेब म्हणाले.

"केला. बारा वर्षं त्याचं ऐकलं. आता त्यालाच खोटं पाडू?"

चौकशीवाल्यांनी झाकण काढायला लावलं. साहेबांचं वरपर्यंत वजन, त्यांना काही झालं नाही. बटणापाशी आता ते स्वतः बसतात. भिंतीत नवा कान आहे. बाईची बदली खाली गोदामात झाली आणि मला तिनं सोबत आणलं. तिच्या कागदांवर पडून असतो मी, वजन म्हणून.

आता शॉट असला की गोदामातला फोन वाजतो. "जरा नटबोल्टाचे वायसर किती आहेत ते विचारायचं होतं," साहेब म्हणतात आणि फोन कर्ण्याजवळ उघडाच ठेवतात. बाई ऐकत बसते.

काल नव्या कानाचा आवाज जाडा झाला. आणखी जाडा. मग काहीच नाही.

"दाबा," बाई म्हणाली.

तिकडून फवाऱ्याची फुस्स ऐकू आली. मग साहेबांचा आवाज आला.

"वायसर किती म्हणालात?"

"चारशे." तिनं फोन ठेवला.

मला परत बसवू नका, माझं झालं. पण साहेब, हिला वर न्या. आणि उद्याच न्या. दोनच सेकंद असतात तुमच्याकडे, त्यात फोन लागला नाही तर काय वायसर फेकणार आहात भट्टीवर?