अडकलेलं चित्र

अण्णांनी टॅब थेट राउटरच्या डोक्यावर आडवा ठेवला आणि नेटवाल्याकडे रोखून बघत म्हणाले,

"आता लांब नाही ना? आता तर त्याच्या अंगावरच बसवलाय. मोज."

नेटवाला स्टुलावर बसून वायर गुंडाळत होता. त्याने वाकून टॅबवरचं बटण दाबलं. पडद्यावरचा काटा थरथरत वर निघाला, थोडा चढला आणि तिथेच दमला.

"प्लॅन शंभरच्या स्पीडचा. हा दाखवतो पस्तीस," अण्णा म्हणाले. "बाकीचे कुणाच्या घशात गेले?"

"कुणाच्या नाही काका. टॅब जुना आहे. राउटर दोन पट्ट्यांवर नेट सोडतो. त्यातली जोरातली पट्टी ह्या टॅबला दिसतच नाही. तो कितीही जवळ ठेवा, एवढंच घेणार." त्याने खिशातून स्वतःचा फोन काढून मोजून दाखवला. "हे बघा, नव्वदच्या वर."

"तुझा फोन तुझ्याच बाजूने बोलणार."

"अण्णा, सोडा त्यांना," सून स्वयंपाकघरातून ओरडली. "माणूस घाम पुसतोय तिकडे."

नेटवाल्याने पिशवी खांद्याला लावली. जाता जाता म्हणाला, "खरं सांगू का काका? फोनवर समोरचं माणूस दिसायला एवढं रग्गड झालं. याच्या निम्म्यातही भागतं. मोठा प्लॅन घेऊ नका, उगाच. टाकी मोठी केली म्हणून घरातला नळ मोठा होत नाही."

अण्णांच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. माणूस कंपनीचा, आणि कंपनीचाच माल घेऊ नका म्हणतो?

त्यांची सगळी नोकरी वजनमापांच्या खात्यात गेली होती. पोकळ केलेली वजनं, पारड्याच्या पोटाला चिकटवलेलं मेण, लिटरच्या मापात बसवलेला खोटा तळ, असलं काहीबाही त्यांनी उभ्या बाजारासमोर बाहेर काढलं होतं. दुकानदाराचा काटा दुकानदाराच्या वजनाने तपासायचा नाही, आपलं वजन आपल्या पिशवीतून न्यायचं, ही त्यांची रीत. आणि जो मालक बघताक्षणी खुर्ची पुसायला धावतो, त्याच्या दुकानात आधी पारडं उलटं करायचं. बाजारात लोक त्यांना मागून 'काटा' म्हणायचे. अण्णांना ते ठाऊक होतं. मनातून आवडायचंही. कुणी आपल्याला चांगला म्हणतंय यापेक्षा कुणी आपल्याला फसवू शकत नाही, यातच या माणसाला जास्त सुख होतं.

निवृत्तीनंतर तपासायला उरलं काय, तर घर. दूधवाला पातेल्यात दूध ओतताना अण्णा वाकून बघत. आणि आता हे नेट.

पण नेटचं दुखणं दुधासारखं नव्हतं. दर रविवारी लेकीशी बोलायचं, ते सगळं त्याच्यावर होतं. लेक दूरच्या शहरात, नवऱ्याबरोबर. वर्ष उलटून गेलं होतं ती माहेरी येऊन. यायचं म्हटलं की कधी तिची रजा आडवी यायची, कधी जावयाचं काम. मग राहिला हा टॅब. त्यात लेकीचा चेहरा दिसायचा, धुरकट, पाण्याखालून बघितल्यासारखा. गोळ्या घेतल्या का, गुडघा कसा आहे, असं बोलणं जरा रंगात आलं की नेमकं चित्र अडकायचं. तोंड अर्धं उघडं, डोळे एका जागी. मग फोन तुटायचा आणि थोड्या वेळाने निरोप यायचा, 'अण्णा, तुमचं नेट फार वाईट आहे हो. पुढच्या रविवारी बोलू.'

आपलं नेट वाईट. शंभरचे पैसे घेऊन वाईट.

नेटवाला गेल्यावर अण्णांनी कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीचा आवाज साखरेत घोळवलेला.

"सर, तुम्ही आमचा मोठा प्लॅन घ्या ना. टॅब नुसता पळेल."

"टॅब जुना आहे माझा."

"काही फरक पडत नाही सर."

"तुमचाच माणूस आत्ता म्हणून गेला, फरक पडतो."

पलीकडून लगेच, "सर, मी तुमचा कॉल पुढे देऊ का?"

अण्णांनी फोन ठेवला. एकाच दुकानात दोन वजनं! यातलं एक तरी खोटं होतंच. दोन्हीही असतील. दाढी करताना न्हाव्याने सांगितलेली गोष्ट त्यांना तेव्हाच आठवली. राउटरच्या आत म्हणे सोय असते. ज्याच्याकडे पासवर्ड, तो घरातल्या कुणाचंही नेट कमी करू शकतो, आणि ज्याचं कमी केलं त्याला पत्ताही लागत नाही.

सून घरातूनच ऑफिसचं काम करायची. दिवसभर लॅपटॉप उघडा. नेट तिलाच हवं असणार.

अण्णा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"राउटरचा पासवर्ड कुणाकडे असतो?"

"माझ्याकडे. का हो?"

"त्यात म्हणे एकेकाचं नेट कापता येतं."

भांडी विसळणारे सुनेचे हात थांबले. नळ तसाच वाहत राहिला.

"मी तुमचं नेट कापते, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी तसं म्हटलं नाही. विचारलं."

"असंच विचारून विचारून लोकांची दुकानं बंद केलीत ना?" तिने नळ फाडकन बंद केला. "सासूबाई सांगायच्या ते खोटं नव्हतं. चहात साखर कमी पडली तरी घरात पंचनामा व्हायचा."

सुनेने हात पुसले, आत जाऊन आपला फोन आणला, लॉक उघडून त्यांच्या हातात ठेवला.

"हा घ्या. नवा आहे. स्वतःचं नेट तर मी कापणार नाही ना? आज रविवारच आहे. लावा ताईंना आणि बोला पोटभर."

ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर अण्णांना बरं वाटलं असतं.

ते वरमले, पण सवय जाईना. खुर्चीत बसून त्यांनी आधी वेग मोजला. काटा सरळ नव्वदच्या पुढे गेला. मग त्यांनी लेकीला फोन लावला.

"बोल गं वहिनी," लेक म्हणाली. केस मोकळे, आवाज मोकळा. मग तिने नीट बघितलं. "अण्णा? तुम्ही? वहिनीच्या फोनवरून?"

"हो. आज काचेसारखी दिसतेयस. बघ, कानाजवळ पांढरा केस आलाय तुझ्या."

"एवढं दिसतंय?" तिने फोन चेहऱ्याच्या अगदी जवळ घेतला.

"सगळं दिसतंय. आता कसं, चोर सापडला. टॅबच खोटा होता. ते जाऊ दे. जावईबापूंना बोलव जरा. किती महिने झाले, बोललो नाही त्यांच्याशी. घरात आहेत ना?"

चित्र अडकलं.

तोंड अर्धं उघडं. डोळे एका जागी. अण्णांचं डोकंच फिरलं. बंद दाराकडे अर्धी मान वळवून ते ओरडणारच होते, बघ, तुझाही फोन तसलाच, म्हणून. ओठ उघडलेही. आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना दिसलं की लेकीच्या मागचा पडदा हलतोय.

वाऱ्याने फुगला, खाली बसला, पुन्हा फुगला. त्याच वाऱ्यावर तो पांढरा केस गालावर आला. बाकी लेक दगडासारखी. पापणी लवत नव्हती, आणि खालच्या पापणीच्या काठाशी पाणी जमत चाललं होतं.

अण्णा ओरडले नाहीत. जसे होते तसेच राहिले. मान अर्धी वळलेली, ओठ उघडे. श्वाससुद्धा त्यांनी आत धरून ठेवला.

"अण्णा?" लेक ओठांतल्या ओठांत म्हणाली. थांबली. "अण्णा, ऐकू येतंय का?"

ते हलले नाहीत. डोळे चुरचुरायला लागले.

"गेलं वाटतं," ती स्वतःशीच म्हणाली, आणि सगळं अंग सोडून दिल्यासारखी मागे टेकली. हातातला फोन कलंडला. खोली दिसली. अण्णा लेकीच्या घरी राहून आले होते. हे ते घर नव्हतं. एक खाट, तिच्यावर एक उशी. पायथ्याशी स्टुलावर शेगडी, शेगडीवर एवढंसं पातेलं. भिंतीला बांधलेल्या दोरीवर फक्त तिचेच कपडे.

तिने मनगटाने डोळे पुसले.

"बरं झालं," ती म्हणाली.

मग फोन सरळ करून तिने तो बंद करायला बोट पुढे केलं.

खोटं वजन हाताला लागलं की अण्णा ते सगळ्यांना दिसेल असं उंच धरायचे. आयुष्यभर धरलं. आत्ता त्यांचा हात मांडीवरच पडून होता.

"ठेवू नकोस," ते म्हणाले.

बोट हवेतच राहिलं. या वेळी लेक खरोखरच हलली नाही.

"इकडचं नेट चांगलं आहे गं पोरी," अण्णा म्हणाले. "पहिल्यापासूनच चांगलं होतं."