पूजेत बसलेली सवत

मी मल्हाररावांची गळाची काठी बोलतेय. जात बांबूची, त्यामुळे वाकते पटकन; पण कुणी मला बाजूला सारलं की सहन होत नाही, हे आधीच सांगून टाकते.

ग्वाल्हेरच्या नई सडकेवरच्या एका कारागिराने मला मधोमध कापून पितळी नळी बसवली. दोन तुकडे जोडले की मी तयार. तेव्हापासून दर रविवारी दाना ओलीतल्या घरातून निघायचं आणि तिघऱ्याच्या तलावात छोट्या नावेत बसायचं, हा आमचा संसार. आमिष मल्हारराव स्वतः मळायचे. कणीक, सत्तू आणि भरपूर हिंग. "माशांपायी माझी आमटी बिनहिंगाची," म्हणत त्यांच्या पत्नी विजयाबाई हिंगाची डबी लपवायच्या.

खंडेनवमीला घरच्या तलवारीशेजारी पूजेत मी असायची. "तलवार काही आणत नाही, ही निदान मासा तरी आणते," असं मल्हारराव म्हणायचे. मला आभाळ ठेंगणं व्हायचं.

यंदा त्यांची नात हर्षिता आली. ती रत्नागिरीला नोकरी करते. येताना आजोबांना भेट म्हणून काळी, चकचकीत कार्बनची काठी घेऊन आली. सवतच माझी! कोपऱ्यात उभी राहून समुद्राच्या बढाया मारायची. लेपा मासा म्हणे वाळूत चपटा पडून राहतो, दोन्ही डोळे एकाच बाजूला. होडी वाऱ्यावर सोडायची, गळाला कोळंबी लावायची, शिशाचं वजन तळावरून हळूहळू ओढत न्यायचं. टिचकी जाणवली तरी थांबायचं, घास नीट तोंडात गेला की मगच उचलायचं. मल्हारराव हर्षिताकडून हेच सगळं पुन्हा पुन्हा ऐकायचे. त्यांचेही दोन्ही डोळे हल्ली एकाच बाजूला होते, तिच्या.

नवमीला तलवारीशेजारी तीच बसली. हळद-कुंकू तिला, झेंडूचं फूल तिला. मी दाराआड. जळून कोळसा व्हायचाच काय तो बाकी होता.

दुपारी हर्षिता म्हणाली, "आजोबा, कल सुबह तो मेरी ट्रेन है. आजच जाऊ ना तलावावर!"

मल्हारराव नव्या काठीकडे वळले, तोच विजयाबाई म्हणाल्या, "अहो, पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या आधी हलवायचं नाही."

"अरे! बसवताना लक्षातच नाही राहिलं."

मी मनातल्या मनात खुदकन हसले. गेले ती मीच.

नावेत हर्षिताने मला तिच्या समुद्राच्या रीतीने चालवलं. नाव वाऱ्यावर सोडली, वजन गाळातून ओढलं. टिचकी आली, तशी हर्षिता थांबली. मग मी अशी वाकले की काय सांगू! लांब मिशांचा पढिन मासा वर आला.

"आजोबा, ही तर कमाल आहे! मी घेऊन जाऊ?"

मल्हाररावांनी माझी पितळी नळी अंगठ्याने पुसली. बराच वेळ पुसत राहिले.

"ने," म्हणाले. "तुझीच."

आता मी रत्नागिरीला असते. खाऱ्या वाऱ्याने नळी हिरवट झालीय. लेपे मिळतात, हर्षिता जीवही लावते. पण रविवार आला की आतून करपते. तिघऱ्याच्या नावेत या वेळी सवत त्यांच्या हातात असेल, आणि तिच्या गळाला माझं हिंगाचं आमिष असेल.

तुमच्यापैकी कुणी ग्वाल्हेरला गेलंत, तर दाना ओलीत माझा एक निरोप द्या. म्हणावं, पुढच्या खंडेनवमीलाही पूजेत तिलाच बसवा. फूल तिलाच वाहा. तेवढा एक दिवस तरी ती त्यांच्या हातात नसेल.