लाल शाईतलं पत्र

विनोदी मालिकेतल्या पोरीचं प्रेमपत्र चुकून मुलाच्या बापाच्या हाती पडलं, आणि त्यानं लाल शाईनं शुद्धलेखन तपासून ते परत पाठवलं. सगळा तात्यापारा मोहल्ला पोट धरून हसला. विमलाबाईंच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. ते पत्र खरं तर त्यांचंच होतं. पन्नास वर्षांत त्यांनी ते एकट्या मैत्रिणीला, सुनीतीला सांगितलं होतं, आणि मालिका लिहिणारा श्रेयस सुनीतीचाच नातू.

सोमवारी त्याचाच फोन आला. "आजी, और कोई मजेदार किस्सा?"

"हव, आहे ना बेटा," विमलाबाई मधाळ आवाजात म्हणाल्या. "लग्नाच्या आदल्या दिवशी एक पोट्टी गाण्याच्या मास्तरासंगं दुर्गच्या गाडीत बसली. भावानं ओढून परत आणली."

"मस्त! कौन थी?"

"नाव काहून पाहिजे तुले? लिही तू. अन् तो भाग तुह्या आजीजवळ बसून पाह्य. तिचं तोंड पाहून समजन."