पागेच्या गल्लीतली रांगोळी

विधवेनं दारात रांगोळी घालू नये म्हणतात. मी म्हणते, मग शास्त्रालाच पाठवा, येऊन घालू दे! आमच्या पागेच्या गल्लीत माझ्याशिवाय उरलं होतं कोण?

तंजावुरच्या राजाची पागा होती तेव्हा ही गल्ली घोड्यामाणसांनी भरलेली असायची, असं सासूबाई सांगायच्या. मी काही ते पाहिलं नाही. गोऱ्यांनी राज्य खालसा केलं, घोडे गेले, आणि घोड्यांच्या जिवावर जगणारी माणसंही हळूहळू कुंभकोणम, तिरुचि, मद्रास अशी पांगली. मागे झावळ्यांची बसकी छपरं राहिली. शेवटी मी आणि समोरची अंबा, एवढ्याच उरलो.

अंबा माझी कोण, म्हणाल तर कुणी नाही. पण माझे यजमान गेल्यापासून ती रोज पहाटे आधी आपल्या दारात रांगोळी घालायची नि मग माझ्या. "तुझं दार ओकंबोकं दिसलं की मला घास जात नाही गं वेंकू," म्हणायची. संध्याकाळी दारातल्या ओट्यावर, आमच्याकडे त्याला तिण्णै म्हणतात, ती तिच्या आणि मी माझ्या, अशा बसायचो. गल्लीच्या या काठावरून त्या काठावर भांडायचोसुद्धा. मग आडी महिन्यातल्या, म्हणजे आषाढाच्या सुमाराच्या, वाऱ्यानं तिचं छप्पर कोसळलं आणि तिचा मुलगा तुळजाजी तिला मद्रासला घेऊन गेला. गाडीत बसताना ती म्हणाली, "डोक्यावर छप्पर असतं तर मी इथून हलले नसते गं." ते बोलणं मी पदराला गाठ मारून ठेवलं.

ती गेल्यावर माझी रांगोळी मीच घालू लागले. संध्याकाळ मात्र जाता जाईना. समोरच्या रिकाम्या ओट्याशी बोलून बघितलं. उत्तर देत नाही म्हणून त्याच्यावर रागावलेही. एकटं वाटायचं हो फार! सांगायला लाज कसली?

अशात मुनसिपाल्टीची दवंडी आली. झावळ्यांना आग लागते, तेव्हा त्या काढा. गरिबांच्या घरांना सरकारी ग्रँटमधून वासे आणि कौलं फुकट मिळतील. पण माणूस राहतं त्याच घराला. गल्ली ओस दिसली तर ती पाडून तिथं बैलगाड्यांचा तळ करणार. पाहणीला कल्याणराम नावाचा इन्स्पेक्टर यायचा होता, तोही न सांगता, पहाटेचा.

पहाटेचा का, ते इथलं माणूस लगेच ओळखेल. घर नांदतं आहे का हे तंजावुरात दार ठोठावून बघत नाहीत, दारापुढची जमीन बघतात. पाणी शिंपडून रांगोळी घातली असेल तर घरात सगळं ठीक. नसेल तर घर रिकामं, नाहीतर आत कुणीतरी वारलेलं. मग शेजारपाजार धावत येऊन विचारतो.

मी तांदळाचं पीठ दळून ठेवलं. रोज अंधारात उठून गल्लीच्या एकूणएक दारात सडा घातला, रांगोळी काढली. एकाच हाताची दिसली तर पकडली जाईन, म्हणून गल्ली सोडून गेलेल्या शेजारणींची, जिची तिची आठवून काढली. शेषम्माचे ठिपके कधी सरळ आले नाहीत, मीही वाकडे काढले. राजलक्ष्मीला कमळापलीकडे काही येत नसे, तिला कमळ. आणि अंबाचा पोपट! जाड चोचीचा, अगदी बदक. त्याला मी किती हसायची. आता तोच काढताना मला हुंदका आवरेना.

एके दिवशी उजाडता उजाडता कल्याणराम आला.

"अक्का, गल्ली चांगली नांदती दिसते."

"नांदती म्हणजे काय! पाऊल ठेवायला जागा नाही."

"मग कुणाचा आवाज कसा नाही?"

"आमच्या बायका फार मर्यादशील," मी म्हटलं.

त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत पीठ! मी हात पदराआड लपवले. मग तो अंबाच्या पोपटावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून निघून गेला. देव त्याचं भलं करो.

पुढे वासे आले, कौलं आली. गल्लीभर ठोकाठोक सुरू झाली. मी गवंड्यांना ताक पाजलं, "समोरचं घर नीट करा रे, माझी अंबा यायची आहे," म्हणून त्यांच्या मागे लागले. मग देवळातल्या शास्त्रीबुवांकडून मद्रासला दोन ओळी लिहवल्या: छप्पर झालं, ये.

आणि आली की हो! सोबत तुळजाजी. अंबा बराच वेळ आपल्या छपराकडे बघत राहिली. मी तिचा हात सोडीना.

"मावशी, तुमचे उपकार कसे फेडू?" तुळजाजी पाया पडत म्हणाला. "छप्पर नव्हतं तोवर हे घर कुणी फुकटसुद्धा घेईना. आता भाताच्या व्यापाऱ्यानं घेतलं, गोदामाला. बाकीचे घरमालकही त्यालाच देताहेत."

करायला गेले गणपती नि झालं माकड! मी अंबाकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही.

"माझ्याकडे राहा," मी म्हटलं. "एक चूल दोघींना पुरते."

"मुलगा असताना शेजारणीकडे राहिले तर लोक त्याच्या तोंडात शेण घालतील गं," ती म्हणाली. "माझं आता कोण ऐकतं?"

रात्री ती माझ्याकडेच निजली. पहाटे जाग आली तर अंथरुणात नव्हती. बाहेर येऊन बघते तो आपल्या दारात पोपट काढून झाला होता आणि आता वाकून माझ्या दारात काढत होती. तिची कंबर धरली होती. मी उंबऱ्यात बसून राहिले. दिवस वर आल्यावर ती तुळजाजीबरोबर मद्रासला परत गेली.

दुपारी भाताच्या पोत्यांची पहिली गाडी आली आणि अंबाच्या दारातल्या पोपटावरून गेली. माझ्या दारातला मुंग्यांनी खाल्ला. ते ठीक, तांदळाचं पीठ मुंग्यांसाठीच असतं.

आता गल्लीवर लालभडक कौलं आहेत, आणि सगळ्या दारांना कुलपं. मी फक्त माझ्या दारात रांगोळी घालते. एखाद्या पहाटे ती दिसली नाही तर विचारायला या, असं सांगायचं तरी कुणाला? पोत्यांना?