जिवंतपणी भेटायला येणारी माणसं

हर्षाली मेली नव्हती, पण माणसं तिला बघायला येऊ लागली होती. कुणाचं शेवटचं आहे असं कळलं की दिंडोरीकडची सोयरी येतात आणि त्या माणसाच्या आवडीचं काहीतरी घेऊन येतात. सकाळपासून तिच्या उशाशी जिलबी, सीताफळं, शेव असा ढीग साचला होता. रडणाऱ्यांना पाणी देऊन देऊन ती थकून गेली होती.

मागच्या आठवड्यात नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी तिला आणि नवऱ्याला, रोहितला, समोर बसवून सांगितलं होतं. गळ्यातली गाठ कॅन्सरची आहे, छातीतलीही आहे. "पण एक पसरून दुसरा झालेला नाही. दोन वेगळे आहेत. अठ्ठाविसाव्या वर्षी असं क्वचितच होतं. दोन्ही लहान आहेत, दोन्ही काढू."

रोहितनं घरी येऊन बापाला सांगितलं, "पसरलाय."

"नाय पसरला," हर्षाली म्हणाली. तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडं अशा मायेनं पाहिलं की एकेकाच्या कानाखाली वाजवावी असं तिला वाटलं.

उद्या भरती व्हायचं होतं. पिशवी कुणीच भरली नव्हती. "चाकू लागला की अजून पसरतं," सासरे भिमाजी म्हणाले होते. "पोरीला सुखानं जाऊ द्या." जाऊ द्या म्हणे! जशी काय ती वणीला दर्शनाला निघाली होती.

चुलत सासू भागुबाई पदरानं नाक पुसत जवळ सरकली. "काय खावंसं वाटतं गं बाई?"

"मटण."

"आज गुरुवार हाय."

"मग उद्या मरते, आत्याबाई."

भागुबाईनं मोठ्यानं गळा काढला. तेवढ्यात भिमाजी द्राक्षबागेतून आले. अंगाला फवारणीचा वास होता.

"नाना, डावणी पडली का?" हर्षालीनं विचारलं.

"पडली. भुरी बी आली. यंदा दोन्ही रोग संगटच."

"मग बाग तोडली?"

"तोडतो कशाला? दोन्हीची औषधं मारली."

"मला बी दोनच झालेत, नाना."

"वेल निराळी, माणूस निराळं."

"व्हय. वेलीपुढं कुणी जिलबी ठेवीत नाय."

म्हातारा ओट्यावर जाऊन बसला. रोहित दारातच उभा होता. तो हळूच म्हणाला, "खरंच वेगळे म्हणल्या का त्या?"

"तू माझ्या शेजारीच होतास ना?"

"दोन म्हणल्या, अन् पुढचं मला ऐकूच आलं नाय."

तिला चीड आली, पण चिडायलाही बळ लागतं. "फोन लाव. त्यांनाच विचार. अन् सगळ्यांना ऐकू दे."

रोहितनं स्पीकर लावून फोन ओट्यावर नेला. डॉक्टरीणबाईंनी तेच परत सांगितलं, सावकाश, जरा वैतागूनच. ऑपरेशन टाळलं तर मात्र पसरेल, असंही सांगितलं. बाहेरचं रडणं थांबलं.

"मंग आपण काय म्हणून आलो?" भागुबाईनं कुणाला तरी विचारलं.

मग भिमाजींचा आवाज आला, "रोहित, उद्या किती वाजता पोचायचं?"

हर्षालीला आनंद व्हायला हवा होता. तिनं खाटेखालची पिशवी ओढली, दोन गाऊन कोंबले आणि तिथंच भिंतीला टेकून डोळे मिटले. अजून तर काहीच सुरू झालं नव्हतं.